खात्रीची जागा

गंगापूरच्या स्टँडवर औरंगाबादची गाडी फलाटाला लागली की दार उघडायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत येऊन पडायच्या. एकदा तर एका बहाद्दरानं लेकराच्या पायातला बूट काढून सीटवर टाकला होता. कंडक्टर बद्रीनाथ या प्रकाराला भीक घालत नसे. गाडी सुटायची वेळ झाली की तो सीटांमधून हिंडायचा आणि रुमाल चिमटीत धरून विचारायचा, "ह्यो कुणाचा? मालक कुठाय ह्याचा?" मालक पुष्कळदा शेजारच्या जलद गाडीत बसून केव्हाच निघून गेलेला असे, कारण त्यानं दोन्ही गाड्यांत रुमाल टाकलेले असत. मग बद्रीनाथ उभ्या असलेल्या एखाद्या म्हातारीला त्या जागेवर बसवायचा आणि घंटीची दोरी ओढायचा. गाडी भरलेली दिसते म्हणून ती भरलेली असते असं नाही, हे त्याच्याइतकं गंगापूर आगारात कुणालाच माहीत नव्हतं.

गाडीतून खाली उतरला की मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेला तरी परत येऊन ते ओढून बघणार. लग्नाला जायचं तर हा आदल्या दिवशीच हजर, तिथं मांडवाचे बांबूसुद्धा आलेले नसायचे. त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर मुख्तार त्याला चिडवायचा, "बद्रीभाऊ, तुम्ही मौतला पण आधी जाऊन नंबर लावाल." बद्रीनाथ हसायचा आणि हसता हसता पैशांची चामडी पिशवी जागेवर आहे ना, हे चाचपून घ्यायचा.

या धास्तीचं मूळ जुनं होतं. त्याचं गाव गोदावरीच्या काठावरचं. जायकवाडीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. बदल्यात मिळणारी जमीन बघायला त्याचा बाप बन्सी गेला, तेव्हा पहिलाच तुकडा बरा होता. पण बन्सी म्हणाला, "थांबू. पुढं ह्याच्याहून चांगली निघंल." थांबला. बऱ्या जमिनी भराभर गेल्या आणि बन्सीच्या वाट्याला मुरमाड माळ आला. शाळेतून आल्यावर बद्रीनाथ त्या माळावर दगड वेचायचा. दरवर्षी वेचायचा आणि दरवर्षी नांगराखाली नवे निघायचे. बाप मरेपर्यंत एकच वाक्य घोकत राहिला, "पहिलीच घ्यायला पायजे हुती."

बद्रीनाथनं ते वाक्य गाठीला बांधलं. मास्तरकीच्या कोर्सला त्याचं नाव प्रतीक्षायादीत होतं, पण मधेच एसटीचा हुकूम आला तसा तो त्याच दिवशी रुजू झाला. बायकोही पहिलीच बघितली आणि तिथंच सुपारी फोडून मोकळा झाला. तिथं मात्र त्याचं नशीब जोरावर होतं, कारण मनकर्णासारखी बाई त्याला दहा गावं हिंडूनही मिळाली नसती.

त्यांना एकच मुलगी, गोदावरी. घरात सगळे गोदाच म्हणत. पंच्याण्णव साली ती दहावीला त्र्याऐंशी टक्क्यांनी पास झाली. मुख्तारची वहिदा तिच्याच वर्गात, तिला एक्याऐंशी. दोघींना सायन्सला जायचं होतं, तेही शहरातल्या जुन्या, दगडी इमारतीच्या कॉलेजात, ज्याला सगळा तालुका नुसतं 'मोठं कॉलेज' म्हणायचा. गंगापूरच्या शाळेत प्रयोगाचं सामान एका कपाटात होतं आणि कपाटाला कायम कुलूप. गुरुजी फळ्यावर चंबू काढायचे, खाली खडूनं ज्योत काढायचे आणि म्हणायचे, "आता समजा, की हे उकळलं." गोदानं तीन वर्षं समजून घेतलं होतं. आता तिला खरंच उकळताना बघायचं होतं.

फॉर्म आणायला बद्रीनाथ रजा टाकून तिच्याबरोबर गेला. ऑफिसच्या खिडकीपासून निघालेली रांग इमारतीला वळसा घालून फाटकाबाहेर रस्त्यावर आली होती. गर्दी बघून किती गाड्या भरतील हे सांगायची बद्रीनाथच्या डोळ्याला सवय होती, आणि इथं त्याला गाड्यांच्या गाड्या दिसायला लागल्या. गोदाला रांग दिसलीच नाही. तिला दिसली ती उघडी प्रयोगशाळा. आत एक माणूस ओळीनं बर्नर पेटवून बघत होता, निळी ज्योत आली की बंद करून पुढच्याकडं सरकत होता. गोदा खिडकीचे गज धरून उभी राहिली, ती बापानं हाक मारेपर्यंत.

खिडकीतला क्लार्क बोलायला बरा होता. बद्रीनाथनं विचारलं तसं त्यानं सांगून टाकलं. "जागा दोनशे चाळीस. फॉर्म तीन हजारांच्या वर गेलेत, अजून विक्री चालूच हाय. मागच्या साली याच्या निम्मे बी नव्हते."

"मग त्र्याऐंशीला कसं काय व्हईल, साहेब?"

"यंदा काय सांगता येत नाय, भाऊ."

त्या 'काय सांगता येत नाय'नं बद्रीनाथची झोप उडवली. तीन हजार पोरं आणि दोनशे चाळीस जागा, म्हणजे एका जागेवर बारा जणांचा डोळा. त्यानं त्याच दिवशी गोदाला रिक्षात घालून शहरातली सगळी कॉलेजं पालथी घातली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या नावाचे नऊ फॉर्म जमा केले. शिपायानं नुसतं 'इथं बी गर्दी हाय' म्हटलं की हा मुकाट्यानं रांगेत उभा. मुख्तारनं वहिदासाठी दोनच भरले, एक मोठ्या कॉलेजचा आणि एक गंगापूरच्या कॉलेजचा. "वरचं मिळालं तर अल्लाची मेहेरबानी, नाय तर आपलं गंगापूर हाय ना," एवढंच तो म्हणाला. बद्रीनाथला त्याच्या बेफिकिरीची कीव आली.

परतीच्या गाडीत जिकडंतिकडं पोरं आणि पोरांच्या हातात फॉर्मांच्या सुरळ्या. गोदानं शेजारच्या मुलीशी बोलून घेतलं आणि मग बापाकडं वळली.

"आबा, हिच्याकडं सात फॉर्म हायत. मागच्या पोराकडं दहा. तीन हजार फॉर्म म्हंजे काय तीन हजार पोरं नायत. सगळीकडं तीच ती पोरं हायत. तुमच्या गाडीतल्या रुमालांसारखं हाय हे."

"गाडीचं येगळं असतंय, गोदा."

"कसं येगळं?"

दुसऱ्याचे रुमाल उचलून फेकण्यात ज्याचा जन्म गेला, तो स्वतः नऊ ठिकाणी रुमाल टाकून बसला होता, आणि बाकीच्यांचे रुमाल बघून त्यालाच घाम फुटत होता! पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार? पेपरात 'यंदा विक्रमी अर्ज' अशी बातमी आली, ती वाचून ज्यांनी चार फॉर्म भरले होते त्यांनी आणखी चार भरले, आणि दोन दिवसांनी विक्रमाचा आकडा अजून फुगला. बद्रीनाथनं ती बातमी कापून खिशात ठेवली. प्रवाशांना तिकीट देता देता तो विचारायचा, "तुमच्या पोराला किती हायत?" समोरून पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी असं काही आलं की त्याच्या हातातला तिकिटांचा चिमटा तसाच उघडा राहायचा.

पहिली यादी लागली. मोठ्या कॉलेजची एकोणनव्वदला बंद झाली. फळ्यासमोर एवढी रेटारेटी होती की बद्रीनाथला शेवटचं नाव वाचायला अर्धा तास लागला, आणि वाचल्यावर तो तिथंच कठड्याला टेकून बसला. एकोणनव्वद! त्र्याऐंशीपासून एकोणनव्वदपर्यंत किती पोरं बसली असतील, या विचारानं त्याचं डोकं बधिर झालं. गोदा म्हणाली, "अजून दोन याद्या लागायच्यात, आबा." त्यानं ऐकलं न ऐकलं केलं. बाकीच्या जुन्या कॉलेजांचे फळेही त्यानं बघितले. तीच नावं, तेच आकडे, तीच उंची. एका फळ्यावर बघितलेलं नाव दुसऱ्या फळ्यावर दिसत होतं, हे त्याच्या डोळ्यांनी टिपलं होतं. डोक्यापर्यंत ते पोचलं नाही.

दुपारी ते शहराच्याच कडेला गारखेड्याला गेले. तिथलं कॉलेज नवं होतं. खाली किराणा आणि शिलाईचं दुकान, वर तीन खोल्यांत वर्ग. तिथल्या यादीत मात्र गोदाचं नाव सगळ्यात वर. बद्रीनाथनं बोटानं नाव पुसून बघितलं, खरंच छापलेलं आहे ना म्हणून.

"लॅब कुठं हाय?" गोदानं क्लार्कला विचारलं.

"मागं बांधकाम चालू हाय. दिवाळीपर्यंत होऊन जाईल," क्लार्क म्हणाला, आणि बद्रीनाथकडं बघून पुढं म्हणाला, "पण आजच घेऊन टाका. उद्या ही सीट राहील का नाही, मी जबाबदारी घेत नाही."

एवढं पुरे होतं. बद्रीनाथचा हात कापडी पिशवीकडं गेला. पिशवीत शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि मूळ गुणपत्रिका होती. एकदा ते कागद इथं दिले की दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश घेता येणार नव्हता, आणि हे बापाला माहीत होतं तसं लेकीलाही माहीत होतं. पिशवी गोदाच्या हातात होती. तिनं ती सोडली नाही.

"आबा, शुक्रवारी दुसरी यादी हाय. शुक्रवारपर्यंत तरी थांबू."

"तवर ही बी गेली तर?"

"नाय जायची. आपून सगळ्यात वर हाव."

"माझा बाप बी असाच थांबला हुता, गोदा." त्यानं पिशवीचा दुसरा बंद धरला. क्लार्कनं मान वर करून बघितलं. "आन् आयुष्यभर दगड वेचले आमी."

गोदानं पिशवी सोडली. क्लार्कनं दाखला घेतला, पाठीमागच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि पावती फाडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बद्रीनाथला भूक लागली. त्यानं स्टँडवर गोदाला भजी घेऊन दिली. तिनं दोन खाल्ली आणि बाकीची पुडी तशीच गुंडाळून आईसाठी ठेवली.

शुक्रवारची यादी पंच्याऐंशीला उतरली. मुख्तारनं गाडी चालवता चालवता सांगितलं तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "पंच्याऐंशी म्हंजे बी दोन टक्के वरच हाय की." पण तिकिटं फाडताना त्याची दोनदा गफलत झाली. एकोणनव्वदवरून चार टक्के खाली कसं काय आलं? इतकी पोरं गेली कुठं? त्याला पुन्हा जेवण जाईनासं झालं. आता त्याला निराळीच भीती लागली होती आणि ती तो मनकर्णालासुद्धा बोलून दाखवू शकत नव्हता. आपल्या पोरीचं नाव येऊ नये, असं त्याला वाटायला लागलं होतं. देवापुढं हात जोडले की हेच मनात यायचं, आणि तो हात सोडून द्यायचा.

सोमवारी तिसऱ्या यादीत वहिदाचं नाव बघायला मुख्तार मोठ्या कॉलेजात जाऊन आला. आगाराच्या फाटकातून तो जवळजवळ पळतच आला. "बद्रीभाऊ! गोदाचं नाव हाय! ब्याऐंशीला यादी बंद झाली. उद्या पाच वाजेपर्यंत कागदं द्यायचीत." आपल्या पोरीचं नाव नसताना या माणसाला एवढा आनंद झाला होता, आणि बद्रीनाथला मात्र गारखेड्याचं लोखंडी कपाट आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच तो गोदाला घेऊन गारखेड्याच्या जिन्यावर बसला होता. क्लार्क आला. त्यानं ऐकून घेतलं.

"प्रवेश रद्द करायचा तर अर्ज द्या. त्याच्यावर प्राचार्यांची सही लागते."

"प्राचार्य कधी येतेत?"

"त्यांच्या घरी मयत झालीय. पार जिल्ह्याच्या टोकाला, सोयगावला गेलेत. परवा येतील."

"साहेब, दाखला त्या कपाटात हाय. मी सोता बघितलाय ठिवताना."

"हाय ना. पण कपाटाची चावी त्यांच्याकडंच असते."

बद्रीनाथनं हात जोडले, मग वाकून क्लार्कच्या पायाला हात लावायला गेला. क्लार्क खुर्ची मागं सरकवून उभा राहिला आणि ओशाळून म्हणाला, "अहो, असं काय करता. माझ्या हातात असतं तर दिला नसता का?" गोदा दारात उभी होती. ती त्या कपाटाकडं बघत होती, बापाकडं नाही.

तिथून ते मोठ्या कॉलेजात आले. खिडकीतल्या त्या बऱ्या क्लार्कनं ओळखलं. मूळ दाखल्याशिवाय काही करता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. बद्रीनाथ दोन दिवसांची मुदत मागत राहिला.

"भाऊ, तुमच्यासारखे सकाळपासून कितीतरी येऊन गेले. सगळ्यांचे दाखले कुठं ना कुठं अडकलेत. पाचपर्यंत आले नाही तर उद्या सकाळी त्या जागा पुढच्या नावांना द्यायच्या, असा नियम हाय."

"पण पहिली यादी एकोणनव्वदला बंद झाली हुती! मग हे असं..."

"पहिल्या यादीतले निम्म्याहून जास्त इथं आलेच नाहीत. त्यांचे नंबर सगळीकडं लागलेले. एक पोरगं एकाच बाकावर बसणार ना? यंदा फॉर्म जास्त आले, मग गळती पण जास्त झाली. तुम्ही थोडा दम धरायला पाहिजे होता."

पाच वाजता शिपायानं खिडकीची फळी खाली ओढली. तोपर्यंत बद्रीनाथ पायरीवर बसून होता. कुणीतरी सोयगावहून येईल, कपाट उघडेल, धावत दाखला आणून देईल, असं त्याला खरोखरच वाटत होतं. गोदानं त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "चला आबा, गाडी जाईल."

घरी मनकर्णाबाईला गोदानंच सांगितलं. मनकर्णाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "अहो, माझ्या लेकीनं तीन वर्षं वाट बघितली," त्या म्हणाल्या, "तुमाला चार दिस बघवली नाय." लग्नाला सतरा वर्षं होऊन गेली होती. इतकं कडू त्या कधी बोलल्या नव्हत्या. बद्रीनाथ ताट पुढ्यात घेऊन बसला आणि त्यानं ते तसंच बाजूला सारलं.

दोन दिवसांनी मुख्तार गाडीची काच पुसत उभा होता. एरवी बद्रीनाथ दिसला की तो लांबूनच ओरडायचा. आज त्यानं फडकं खाली ठेवलं.

"बद्रीभाऊ, एक बात बोलायची होती. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. वहिदाचा नंबर लागला. रिकाम्या राहिलेल्या जागांमधी." तो थांबला. "मेरेकू समजता नई, मैं खुश होऊं के क्या करूं."

बद्रीनाथला त्याचा राग आला. दोन फॉर्म भरून हातावर हात ठेवून बसणाऱ्या या माणसाच्या पोरीला दोन टक्के कमी असून जागा मिळाली होती. आणि ती जागा कुणाची होती, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. मग त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यानं मुख्तारचा हात धरला. "खुश व्हा, मुख्तारभाई. पोरीनं काय पाप केलंय?" एवढं बोलून तो तिकिटांची पेटी आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

कॉलेजं सुरू झाली. दोघी मैत्रिणी सकाळी बापांच्याच गाडीनं जायच्या आणि संध्याकाळी बापांच्याच गाडीनं परत यायच्या. नियमाप्रमाणं बद्रीनाथ दोघींचे पास बघायचा. वहिदाच्या पासवर मोठ्या कॉलेजचा शिक्का, गोदाच्या पासवर गारखेड्याचा. ते दोन्ही पास तो इतक्या घाईनं परत द्यायचा की वहिदाला वाटे, काका आपल्यावर रागावले आहेत. ती बिचारी सीटच्या कडेला अंग चोरून बसायची आणि कॉलेजचं नावही काढायची नाही. गोदाही काही विचारायची नाही. आठवडाभर दोघी खिडकीबाहेर बघत यायच्या.

एका संध्याकाळी गाडी खचाखच भरली होती. छावणी मागं पडली, नगर नाका मागं पडला. बद्रीनाथ माणसांतून वाट काढत दोघींच्या सीटपाशी पोचला, तेव्हा त्याला गोदाचा आवाज ऐकू आला.

"वहिदा, आज लॅब हुती ना तुमची?"

वहिदानं नुसती मान हलवली.

"सांग की गं. काय केलं?"

"नक्को ना, गोदा."

"सांग. मला लिहून घ्यायचंय."

गोदानं मांडीवर वही उघडली होती. वहिदा आधी अडखळत, मग हळूहळू भरभर सांगायला लागली. नळीत निळे खडे घातले, खाली बर्नर लावला, नळी तिरकी धरायची असते, नाय तर फुटते. खडे तडतडले, नळीच्या तोंडाशी पाणी जमलं आणि निळे खडे पांढरे फटक पडले.

"पांढरे? एकदम का हळूहळू?"

"हळूहळू. खालून वर."

"आन् मग?"

"मग सरांनी त्याच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. परत निळे झाले."

"परत?" गोदाची पेन्सिल थांबली. तिनं डोळे मिटले. शाळेत गुरुजी 'आता समजा' म्हणायचे तेव्हा मिटायची तसेच. मग डोळे उघडून तिनं लिहिलं, आणि विचारलं, "वास येतो का त्याला?"

बद्रीनाथ दांडा धरून तिच्या डोक्यावर उभा होता. त्याच्या गळ्यात पेटी होती, हातात चिमटा होता, आणि पुढच्या सीटवरची बाई हातात पैसे धरून त्याच्याकडं बघत होती. त्याला ती दिसत नव्हती.

"गोदा," तो म्हणाला. गाडीच्या आवाजात त्याला स्वतःचंच बोलणं नीट ऐकू आलं नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला, "गोदा, माझं चुकलं, बाई."

गोदानं वर बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण ते तिनं बाहीनं लगेच पुसून टाकले.

"आबा, तिकिटं काढा," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत." आणि ती वहीत मान घालून वहिदाकडं वळली, "सांग, येतो का वास?"